एमसीबी पडायचा थांबला, आणि सॉकेट तापायला लागलं

पत्र

ताई,

बाथरूममधल्या गीझरच्या लाइनचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) गेले दोन-तीन महिने मधूनच पडायचा. कधी दहा मिनिटांत, कधी अर्ध्या तासानं, कधी आठवडाभर पडायचाच नाही. त्याच लाइनवर वॉशिंग मशीनचंही सॉकेट आहे. शेजारच्या काकूंनी त्यांचा नेहमीचा इलेक्ट्रिशियन पाठवला. तो आला तेव्हा अर्थातच एमसीबी पडला नाही. त्यानं डीबी, म्हणजे एमसीबींची पेटी, उघडली, टेस्टर लावून पाहिला, ‘वहिनी, एमसीबी वीक झालाय, बदलून टाकतो’ म्हणाला आणि दहा मिनिटांत नवा बसवला. जाताना म्हणाला, ‘आता शंभर टक्के पडणार नाही.’ फोनवर सांगितलेल्या रकमेच्या जवळजवळ दुप्पट पैसे घेतले. विचारलं तर ‘मटेरियलचे वेगळे’. बिल नाही.

त्यानंतर तीन आठवडे खरोखरच एकदाही पडला नाही. पण परवापासून गीझरच्या सॉकेटजवळ जळकट वास येतोय. एका भोकाभोवती तपकिरी डाग पडलाय आणि गीझर चालू असताना टॉप, म्हणजे पिनांचा प्लग, चांगलाच गरम लागतो. जुन्या एमसीबीवर ‘सी १६’ लिहिलेलं होतं, नव्यावर ‘सी ३२’ आहे. म्हणजे जास्त दणकट लावला ना? त्याला फोन केला तर म्हणाला, ‘सॉकेट जुनं झालंय, तेही बदलू.’

मी फसले का? त्यालाच परत बोलवू की दुसरा पाहू? दुसरा आणला तर काकू दुखावतील. आमचे हे म्हणतात, सॉकेट काय, मीच बदलतो. आणि जुना एमसीबी तो बरोबर घेऊन गेला, हे चालतं का? गीझर ३००० वॉटचा आहे, मशीनमध्ये गरम पाण्याची सोय आहे आणि त्यावर २००० वॉट लिहिलंय. लागेल म्हणून लिहून ठेवते.

– सॉकेटइतकीच तापलेली एक वाचक

उत्तर

तुमचं पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं होतं की आधी डीबीतला तो ३२ चा एमसीबी खाली करा, गीझर आणि मशीन दोन्ही बंद ठेवा आणि टॉप तापलेला असताना ओढून काढू नका. इथे पुन्हा लिहिते आहे ते बाकीच्यांसाठी. सॉकेटला वास येत असेल तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. प्लॅस्टिकचा रंग बदललाय म्हणजे आतला धातू कितीतरी जास्त तापलेला आहे.

पत्राच्या शेवटी तुम्ही वॉट लिहिलेत, त्याबद्दल शाबासकी. त्या दोन आकड्यांत सगळी गोष्ट आहे, आणि तुमच्या इलेक्ट्रिशियननं ते विचारलेसुद्धा नाहीत.

हिशेब करू. पुरवठा २३० व्होल्टचा धरला तर ३००० वॉटचा गीझर साधारण १३ अँपिअर करंट घेतो. मशीन पाणी तापवत असताना साडेआठ-पावणेनऊ. दोन्ही एकदम चालू असले की जवळजवळ २२ अँपिअर, आणि एमसीबी १६ चा. तर मग तो तत्काळ का पडत नव्हता? कारण १६ चा एमसीबी १६.१ ला पडत नाही. तसा तो बनवलेलाच नसतो. घरगुती एमसीबीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे त्यानं आपल्या आकड्याच्या १.१३ पट करंट तासभर सोसला पाहिजे आणि १.४५ पट झाला तर तासाच्या आत पडलंच पाहिजे. १६ साठी हे झाले सुमारे १८ आणि सुमारे २३. तुमचे २२ नेमके या दोन आकड्यांच्या मध्ये. एमसीबीच्या पोटात दोन धातू जोडून केलेली एक पट्टी असते, ती करंटनं तापत तापत वाकते आणि पुरेशी वाकली की खटका पाडते. म्हणून कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. डीबी आधीच गरम असेल तर लवकर, नसेल तर उशिरा. आणि ज्या दिवशी मशीन थंड पाण्यावर चाललं असेल त्या दिवशी नाहीच. ‘कधी पडतो कधी नाही’ हे एमसीबी वीक झाल्याचं लक्षण नव्हतं, तुमच्या धुण्याचं वेळापत्रक होतं ते!

आता ‘दणकट’ या शब्दाबद्दल. आपल्याकडे हा गैरसमज घरोघरी आहे, त्यामुळे जरा थांबून लिहिते. एमसीबीवरचा आकडा ही त्याची ताकद नव्हे. किती करंटपर्यंत गप्प बसायचं, याची ती सूचना आहे. आणि ती भिंतीतल्या वायरसाठी असते. गीझर वाचवणं हे त्याचं काम नाही, माणूस वाचवणं तर नाहीच. गीझरच्या लाइनला २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर घालतात. पाइपातून भिंतीत गेलेली असेल तर ती साधारण विसाच्या आसपास अँपिअर सुखानं वाहते, थोडं कमी-जास्त. म्हणून तिच्या डोक्यावर १६ चा किंवा फार तर २० चा रखवालदार बसवतात. ३२ चा बसवला म्हणजे त्या रखवालदाराला सांगितलं की ३६ अँपिअर तासभर गेले तरी उठू नकोस. त्याआधी वायरचं पीव्हीसी मऊ पडेल. साध्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या कायमच्या तापमानासाठी बनवलेलं असतं, आणि भिंतीच्या आत ते किती तापलंय हे कुणाला दिसत नाही. तुमच्या भिंतीत १.५ ची वायर असेल तर प्रकरण आणखी गंभीर. ते पाहिल्याशिवाय सांगता यायचं नाही, आणि त्यानं ते पाहिलं नाही.

‘सी’ या अक्षराचा याच्याशी संबंध नाही. मोटर सुरू होताना क्षणभर मोठा झटका घेते, तो किती सोसायचा याचं ते माप. ‘सी’ असणं ठीक आहे, आकडा चुकला.

पण त्याच्यावर सगळं खापर फोडण्याआधी एक गोष्ट सांगायला हवी. तुमचं सॉकेट ३२ च्या एमसीबीनं जाळलेलं नाही. सॉकेट तापलं ते सैल पकडीमुळे. एक तर सॉकेटमधल्या पितळी पट्ट्यांनी टॉपच्या पिना नीट धरलेल्या नाहीत, किंवा मागे वायर ज्या स्क्रूखाली असते तो स्क्रू ढिला आहे. सैल जोडाला थोडासा रोध येतो. तो ओहमच्या पाचव्या हिश्श्याइतका जरी असला, तरी १३ अँपिअर त्यातून गेले की तिथे ३४ वॉट उष्णता निर्माण होते. डाग देण्याची साधी सोल्डरिंग आयर्न २५ वॉटची असते. म्हणजे रोज गीझर चालतो तेवढा वेळ तुमच्या सॉकेटच्या पोटात एक आयर्न चालू असते. हे १६ च्या एमसीबीलाही कळलं नसतं, कारण करंट वाढत नाही, फक्त एका जागी उष्णता साठते. सैल जोड एमसीबीला दिसत नाही. तो नाकाला कळतो आणि हाताला कळतो.

मग ३२ नं काहीच बिघडवलं नाही का? बिघडवलं. दोन सॉकेटं एका लाइनवर असली की बहुतेक ठिकाणी पहिल्या सॉकेटच्या स्क्रूखालूनच दुसऱ्याची वायर पुढे लूप केलेली असते. तुमच्याकडे तसं असेल तर त्या एका ढिल्या स्क्रूखालून १३ नव्हे, २२ अँपिअर जात होते, आणि उष्णता वाढते ती वर्गानं, म्हणजे जवळजवळ पावणेतीनपट. पूर्वी एमसीबी पडायचा आणि त्या स्क्रूला सुट्टी मिळायची. गेले तीन आठवडे ती मिळाली नाही.

त्यामुळे ‘मी फसले का’ याचं माझं उत्तर: पैशांत थोड्या, कामात पुष्कळ. पण त्यानं जाणूनबुजून फसवलं असं मला वाटत नाही. माझा थोरला भाऊ उभं आयुष्य वायरिंगचीच कामं करत आला. त्याच्या तोंडी एक वाक्य नेहमी असतं: गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं, बिघाड घेऊन येत नाही. तक्रार काय, तर एमसीबी पडतो. ती मिटवायचा सगळ्यात स्वस्त, सगळ्यात झटपट मार्ग म्हणजे मोठा एमसीबी. दहा मिनिटांचं काम, गिऱ्हाईक खूश, पुढचं घर. आपणही दारात उभं राहून ‘आता परत पडणार नाही ना?’ एवढंच विचारतो. तुम्हीही तेच विचारलं असणार. त्याची हमी त्यानं अगदी प्रामाणिकपणे दिली, आणि ती खरीही ठरली! मी त्याला माफ करते आहे असं समजू नका. वायर न बघता एमसीबीचा आकडा वाढवणं ही या धंद्यातली अक्षम्य चूक आहे, घाईनं केली तरी आणि अज्ञानानं केली तरी. फक्त तिला लबाडी समजून तुम्ही भांडायला गेलात तर भांडण पैशांवर जाईल आणि ३२ चा एमसीबी जागेवरच राहील.

त्यालाच बोलवायचं का? एकदा फोन करा, आणि पैशांचा विषय न काढता विचारा: ‘दादा, तुम्ही १६ च्या जागी ३२ लावलात. मागे वायर कितीची आहे?’ मग गप्प बसा. ‘बघावं लागेल, येतो’ म्हणाला तर माणूस बरा आहे, चूक दुरुस्त करायला त्याला एक संधी द्या, आणि त्या चुकीची मजुरी मात्र देऊ नका. ‘वहिनी, काही होत नाही, सगळीकडे असंच लावतो’ म्हणाला तर आभार मानून फोन ठेवा. तिसऱ्या शक्यतेचीही तयारी ठेवा. तो चिडेल. बाईमाणसानं वायरचं माप विचारलं म्हणून चिडणारे इलेक्ट्रिशियन मी पुष्कळ पाहिलेत. त्यांच्यातले काही कामाला उत्तम असतात हेही खरं, पण जो प्रश्नानं चिडतो त्याच्या कामाची खातरजमा आपल्याला करता येत नाही. मी तरी त्याला परत बोलावणार नाही.

काकूंचं एवढं मनावर घेऊ नका. त्यांच्याकडे त्यानं पंखे लावले असतील, ट्यूब बदलल्या असतील आणि ती कामं चोख झाली असतील. ओळखीनं माणूस शोधणं यात वाईट काही नाही, मीसुद्धा तसाच शोधते. फक्त ‘चांगला आहे का?’ ऐवजी ‘तुमच्याकडे काय काम केलं होतं?’ असं विचारायचं. वेळेवर येतो, गोड बोलतो, पसारा आवरून जातो, हे गुण आहेत आणि हवेतही. पण भिंतीतला बिघाड शोधता येतो की नाही हे त्यावरून ठरत नाही. काकूंना मात्र ३२ ची गोष्ट जरूर सांगा. त्यांच्या डीबीतही एखादा एमसीबी ‘दणकट’ केलेला असू शकतो.

आता दुसरा कुणी आणायचा झाला तर. सगळ्यात आधी, फोनवर निदान सांगू नका, लक्षणं सांगा. हे मी स्वतःच्या खर्चानं शिकले. आमच्या घरी तीन फेजचा पुरवठा आहे. एकदा दिवाणखान्यातले बल्ब भराभर जायला लागले. मी इलेक्ट्रिशियनला सांगितलं, ‘बल्ब टिकत नाहीत.’ त्यानं बल्ब बदलले. ते गेले. होल्डर बदलले. पुन्हा गेले. मग त्यानं बल्बच्या कंपनीला नावं ठेवली आणि आणखी महागाचे बल्ब आणवले. तिसऱ्या खेपेला दुसराच एक वयस्क गृहस्थ आला. त्यानं पिशवीसुद्धा उघडली नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, ‘इथले दिवे जेव्हा जास्त उजळतात तेव्हा आतल्या खोलीतले मंद होतात का?’ होत होते! महिनाभर मी ते पाहत होते, पण हसतील म्हणून बोलले नव्हते. मुख्य न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा, जोड सुटत आला होता. तीन फेजच्या घरात न्यूट्रल सुटला की फेजमधला समतोल जातो, एकीकडचं व्होल्टेज पडतं आणि दुसरीकडचं २३० वरून कितीतरी वर चढतं. त्यात बल्ब जातात ते नशीब. फ्रीज, टीव्हीसुद्धा जातात. त्यानं मेन बंद करून एक जोड कापला, नवा केला, पाच मिनिटांचं काम. मजुरी पहिल्याच्या एका खेपेपेक्षा जास्त घेतली, आणि मी ती आनंदानं दिली.

तेव्हा तुम्ही नव्या माणसाला असं सांगा: एमसीबी मशीन आणि गीझर एकदम चालू असताना पडायचा, एकटा गीझर असताना पडल्याचं आठवत नाही (तसं असेल तरच सांगा), आता १६ च्या जागी ३२ आहे, सॉकेटला वास आणि डाग, टॉप गरम. डीबीचा आणि सॉकेटचा फोटो पाठवा. वॉट सांगा. हे ऐकून जो ‘येताना क्लॅम्प मीटर आणि मेगर आणतो’ म्हणेल त्याला दार उघडा.

ही दोन नावं लक्षात ठेवा, कारण टेस्टर म्हणजे मीटर नव्हे. स्क्रूड्रायव्हरसारख्या टेस्टरमधला दिवा एवढंच सांगतो की इथे फेज आहे. किती करंट जातोय, न्यूट्रल धड आहे का, अर्थिंग आहे का, यातलं काहीही तो सांगत नाही. क्लॅम्प मीटरचा चिमटा वायरभोवती धरला की करंटचा आकडा दिसतो. तुमच्या घरी त्यानं गीझर लावून १३ आणि मशीन लावून २२ पाहिले असते तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. मेगर वेगळ्या कामाचा. उपकरणं काढून, लाइन बंद करून तो वायरींमध्ये ५०० व्होल्ट डीसी सोडतो आणि आवरण किती धड आहे ते मोजतो. एक मेगाओहमच्या खाली आलं तर वायर संशयास्पद, आणि धड वायर बहुधा त्याच्या पुष्कळ वर दाखवते. तीन आठवडे जादा करंट वाहिलेल्या तुमच्या वायरीची ही तपासणी व्हायलाच हवी. ज्याच्याकडे मेगर नाही तो वाईट इलेक्ट्रिशियन असं नाही, पण या कामासाठी तो तुमचा माणूस नाही.

त्यानं काय करायला हवं तेही सांगते, म्हणजे शेजारी उभं राहताना तुम्हाला कळेल. सॉकेट काढल्यावर मागची वायर तो पाहील. काळवंडलेलं, कडक झालेलं आवरण असेल तेवढा तुकडा कापून चकचकीत तांबं येईपर्यंत मागे जाईल. सॉकेट नवं लावेल आणि टॉपसुद्धा नवा लावेल. इथे बहुतेक लोक हात आखडतात. जुन्या टॉपच्या पिना काळ्या, खडबडीत झालेल्या असतात, आणि नवं सॉकेट त्याच पिनांनी महिन्याभरात जळतं. तुमचा माणूस म्हणतोय तसं नुसतं सॉकेट बदललं तर तेच होईल. वायर भोकात जात नाही म्हणून तिच्या चार तारा कापून उरलेल्या घुसवताना कुणी दिसला तर तिथेच थांबवा. मग एमसीबी पुन्हा १६ चा, आणि मशीनसाठी डीबीपासून स्वतंत्र लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी. भिंत फोडायची नसेल तर वरून पट्टी मारून नेता येते. दिसायला फारशी छान नाही, पण चालते. लाइन होईपर्यंत दोन्ही एकदम लावायचे नाहीत. लावलेत तर १६ चा पडेल, आणि पडला तर त्याच्यावर रागावायचं नाही.

त्याच खेपेत आणखी एक काम करून घ्या. तुमच्या डीबीत ‘टी’ लिहिलेलं छोटं बटण असलेला एक रुंद स्विच आहे का पाहा. तो आरसीसीबी. जाणारा आणि परत येणारा करंट तो सतत ताडून पाहतो, आणि फरक पडला की तोडतो. घरात माणसाच्या जिवासाठी लावतात तो ३० मिलिअँपिअरचा. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या तुलनेत हे पाचशेव्या हिश्श्याहूनही कमी. म्हणूनच मी म्हटलं की एमसीबी माणूस वाचवत नाही. ओल्या हातानं गीझरला शॉक लागला तर एमसीबीला पत्ताही लागत नाही. ‘टी’ दाबलं की आरसीसीबी खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर तो शोभेचा आहे, बदला. हे बटण दर काही महिन्यांनी दाबायचं असतं. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यातल्या बहुतेकांनी ते एकदाही दाबलेलं नव्हतं. आरसीसीबी मुळात नसेलच, तर स्वतंत्र लाइनच्या आधी तो बसवा. खर्चात एकच काहीतरी बसत असेल तर माझा कौल त्याला.

पैशांबद्दल थोडंच. फोनवर रक्कम विचारणं हीच चूक आहे, कारण न पाहता सांगितलेली रक्कम खोटीच असते, कमी असली काय नि जास्त असली काय. येऊन पाहण्याचे किती आणि ते नंतरच्या मजुरीत वळते होणार का, एवढं फोनवर ठरवा. पाहून झाल्यावर, डीबी उघडी असताना, मजुरी आणि मटेरियल वेगवेगळं लिहून घ्या. कागदाचा चिटोराही चालतो. मटेरियल त्यालाच आणू द्यायचं तर वस्तूचं बिल त्यानं आणावं. आणि ‘नुसतं बघून जा हो, दोन मिनिटांचं तर काम’ हे वाक्य आपणही टाकून द्यावं. माझा भाऊ अशा फुकटच्या फेऱ्यांनी इतका वैतागला होता की शेवटी तो प्रत्येक घरात काही ना काही बदलूनच यायचा. बदलल्याशिवाय पैसे मागायला तोंड नसतं, असं त्याचं म्हणणं. बिघाड शोधण्याचे पैसे आपण देत नाही, वस्तू बदलल्याचे देतो. मग वस्तू बदलल्या जातात. तुमच्या ‘वीक’ एमसीबीचंही मूळ कदाचित इथेच असेल.

आता तुमचे हे. सॉकेट बदलणं अवघड नाही, आणि एरवी मी त्यांना अडवलं नसतं. पण इथे जळलेली वायर कुठवर कापायची, राहिलेली पुरते का, आवरण धड आहे का, हे ठरवायचं आहे, आणि ते मीटरशिवाय ठरत नाही. शिवाय एक खटक्याचा एमसीबी खाली केला तरी तो फक्त फेज तोडतो. कुणीतरी पूर्वी फेज-न्यूट्रल उलटे जोडून ठेवले असतील तर एमसीबी खाली असूनही सॉकेट जिवंत असतं. त्यांना हौस असेल तर डीबीतल्या प्रत्येक एमसीबीखाली कुठली खोली, कुठलं उपकरण हे लिहून चिठ्ठ्या लावायला सांगा. एकेक खाली करायचा आणि घरात काय बंद झालं ते पाहत हिंडायचं. रविवारची सकाळ जाते, पण पुढचा इलेक्ट्रिशियन त्यांना दुवा देईल. न्यूट्रल बदलायचा, अर्थिंग तपासायचं, असल्या गोष्टी मात्र त्यांच्या हौसेबाहेर ठेवा.

राहिला जुना एमसीबी. काढलेली वस्तू तुमची असते. मोडीत घालायची असली तरी आधी तुमच्या हातात यायला हवी. पुढच्या वेळी काम सुरू होण्याआधीच सांगून ठेवा, ‘काढलेलं सगळं इथे टेबलावर ठेवा’, म्हणजे नंतर मागताना संकोच होत नाही. हा मात्र लगेच फोन करून मागवा. तुमच्या पत्रावरून तरी तो अगदी ठणठणीत असावा. नव्या माणसाला दाखवा. त्याचे खटके आणि स्क्रू तपासून तो ठीक म्हणाला, तर नवा १६ चा विकत घ्यायचीही गरज नाही, तोच परत जागेवर बसेल.